फोन आला नव्हता

रवि. ७ जुलै

वर्गाचा तिसरा रविवार. पानावर पुन्हा लाल शाई. अनघा मॅडम हसून म्हणाल्या, "ताई, हा लेख नाही, हे परिपत्रक आहे." सगळे हसले. मीपण हसले. काय करणार! तीस वर्षं सरकारी ऑफिसात जावक विभागात काढली, 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. घरच्या फोनबद्दल लिहायचं, तर मी लिहिलं, 'सदर दूरध्वनी संच चाळीतील रहिवाशांच्या सोयीकरिता उपलब्ध होता.' वाचताना माझीच मला लाज वाटली.

दादरला वाचनालयाच्या माडीवर आम्ही दहा जण जमतो. गोष्ट नाही, कविता नाही, फक्त घडलेलं लिहायला शिकायचं. मॅडमचं वय माझ्या निम्मं असेल. गृहपाठ दिलाय: रोज चार ओळी, स्वतःसाठी, कुणाला न दाखवता. म्हणून ही वही.

फोनचा लेख मंडळाच्या स्मरणिकेसाठी हवाय. डिलाईल रोडची आमची चाळ दिवाळीपर्यंत रिकामी करायची, मग टॉवर. यंदाचा गणपती इथला शेवटचा. नितीन, मंडळाचा सेक्रेटरी, मागेच लागलाय. "बेबीमावशी, अण्णांच्या फोनवर लिहा ना. लोक रडले पाहिजेत!" सत्तावन्न पूर्ण झाली, तरी चाळीला मी बेबीच.

मंगळ. ९ जुलै

लेख नव्याने लिहिला. सुरुवात: 'तो काळा फोन म्हणजे आमच्या चाळीचं हृदय होतं.' नितीनला वाचून दाखवला. जाम खूश. "मावशी, आता एक अक्षर बदलू नका."

अण्णा, माझे वडील, हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरला कामाला होते. अपरात्री बोलावणं यायचं म्हणून आम्हाला फोन लवकर मिळाला. मजल्यावर एकच. मग अख्ख्या मजल्याच्या सोयऱ्याधायऱ्यांना आमचाच नंबर. फोन आला की मी गॅलरीत येऊन हाक मारायची. माणूस कामावर असेल तर निरोप वहीत लिहायचा. लाल कापडी बांधणीची वही, फोनशेजारी खिळ्याला टांगलेली, दोरीला बॉलपेन. अण्णांचा नियम होता: निरोप आधी वहीत, मग माणसाला, मग स्वतःच्या पोटाला.

हे सगळं लिहिलं. एका जागी हात अडला. ते लिहिलं नाही. ते लिहायचं नाहीच आहे.

रवि. १४ जुलै

आज तीन रंगांच्या पेन्सिली. स्वतः पाहिलं ते निळं, ऐकलं ते हिरवं, मनाने घातलेलं ते लाल. ओळीओळीखाली रेघ मारायची. माझा लेख सगळा लाल. हृदय लाल, 'आपुलकीचा झरा' लाल, 'एका कुटुंबासारखे' लाल. निळ्या रेघा दोन. वहीची दोरी आणि अण्णांचा नियम.

मॅडम म्हणाल्या, "इतक्या वर्षांत इतक्या माणसांचे निरोप. एकही चुकला नाही?"

मी म्हटलं, "नाही."

इतक्या पटकन म्हटलं की मीच दचकले. हाच शब्द, याच घाईत, एकदा आधी म्हटला होता.

जिना उतरताना हेमा भेटली. माझ्या शेजारी बसते, वरळी कोळीवाड्यातली, मासे विकते. वर्गात सगळ्यात चांगलं तीच लिहिते, दोन-दोन ओळींत. म्हणाली, "खोटं बोललीस ना ग तू?"

"काय खोटं?"

"ते तुला माहीत. म्हावरं कितीही बर्फात ठेव, गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतंच."

घरी आले. जेवण गेलं नाही.

सोम. १५ जुलै

इथे लिहिते. इथे कुणी वाचत नाही.

१९८५, मे महिना. मी सतरा वर्षांची, बारावीची परीक्षा देऊन घरी. अण्णा ड्यूटीवर, आई लालबागला बाजारात. मी फोनपाशी बसले होते, कॉलेजातल्या एका मुलाचा फोन येणार होता. वाजला, पण निघाला ट्रंक कॉल. शेजारच्या सदाभाऊंचा धाकटा भाऊ, भास्कर, गावाहून. लाइन खराब, ओरडून बोलत होता. "सदाक सांग, आवस लय आजारी आसा. त्येचाच नाव काढता. आजच्या रातच्या एस्टीन ये म्हणान सांग." मी "हो हो, सांगते" म्हणून ठेवला. लाइन मोकळी हवी होती ना मला.

दोन मिनिटांत त्या मुलाचा फोन आला. मी नवा ड्रेस घातला आणि गिरगाव चौपाटीवर गेले. सदाभाऊ मिलमध्ये होते, सुमनवहिनी माहेरी. वहीत मी काही लिहिलंच नाही. परत आले तेव्हा निरोप डोक्यातून साफ गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आठवला. तेव्हाही सांगता आला असता. पण आता सगळे ओरडतील म्हणून गप्प बसले. तिसऱ्या दिवशी तार आली. सदाभाऊंची आई गेली.

बारावं-तेरावं करून ते परत आले आणि पिशवीसकट आमच्या दारात उभे राहिले. भास्कर म्हणत होता, मी फोन केला, एका मुलीने घेतला. "बेबी, गावसून फोन इल्लो काय गो?"

मी म्हटलं, "नाही."

अण्णा तिथेच बसले होते. त्यांनी खिळ्यावरची वही काढून सदाभाऊंसमोर उघडली. मी तिकडे बघितलं नाही. अण्णा म्हणाले, "सदा, आला असता तर वहीत असता."

अण्णांचा शब्द म्हणजे चाळीत शेवटचा शब्द. मग सदाभाऊंनी काय समजायचं? भाऊ खोटारडा. घर एकट्याला गिळायचं म्हणून मुद्दाम कळवलं नाही. त्या दिवसापासून भावाशी शब्द नाही, गावच्या घरात पाऊल नाही. गणपतीत आमची गॅलरी ओस पडते, जो तो कोकणात. मालवणी माणूस आणि चतुर्थीला गावी नाही, असं कुणी ऐकलंय? सदाभाऊ आणि वहिनी तेवढे इथे, दार लोटून. दर वर्षी मी मोदक नेऊन देते. सदाभाऊ म्हणतात, "बेबी, तुझ्या हाताक चव आसा गो." एकोणचाळीस वर्षं ऐकून घेतेय.

तो मुलगा पुढे कुठे गेला, देव जाणे. आडनावही धड आठवत नाही मेल्याचं.

गुरु. १८ जुलै

गृहपाठ: लिहिलेलं मोठ्याने वाचा, अडखळाल तिथे वाक्य वाईट. कसं वाचू? आमच्या आणि सदाभाऊंच्या मध्ये फळीची भिंत. ते खोकले तरी मला कळतं कोरडा की ओला. शेवटी मिक्सर लावला आणि त्या घरघरीत वाचलं. दार वाजलं. सुमनवहिनी. "एवढी कसली चटणी वाटतंस गो?"

हातात कागद. पाठीमागे लपवला. रिकामं भांडं फिरत होतं. "आता घालतेच आहे खोबरं," म्हटलं, आणि खरंच खोवायला बसले. संध्याकाळी त्यांच्याकडे वाटीभर चटणी पोचवली.

हसूही येत होतं. मला भीती वाटते. कागदाचीच भीती वाटायला लागलीय.

शनि. २० जुलै

वहिनींनी बोलावून घेतलं. गावाहून पुतण्याचा फोन होता. भास्करला झटका आलाय. डावं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, भेटायचं त्यांनी भेटून घ्या. पुतण्याने विचारलं, "काका येतील?"

सदाभाऊ खाटेवर बसून टीव्ही बघत होते. आवाज बंद. वहिनी रडत म्हणाल्या, "बेबी, तू तरी सांग यांना. तुझं ऐकतात."

माझं ऐकतात!

मी म्हटलं, "भाऊ, जाऊन या." तेवढंच निघालं तोंडातून.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आवशीचा तोंड बघूक गावूक नाय माका त्येच्यामुळे. आता त्येचा मी कित्याक बघू?"

परत आले आणि दाराला कडी लावून बसले. चाळीत दिवसा कडी कुणी लावत नाही. पुन्हा तेच. भास्करचा निरोप पुन्हा माझ्याच हातात, आणि पुन्हा मी गप्प. तेव्हा निदान विसरले होते. आता काय कारण सांगू?

रवि. २१ जुलै

मॅडमनी आज फळ्यावर एकच ओळ लिहिली: ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याला आधी वाचून दाखवा.

मी विचारलं, "आणि त्याने संबंध तोडला तर?"

त्यांनी खडू ठेवला. मग म्हणाल्या, "तर तोडेल. हमी नाही देत मी. न छापण्याचा हक्क तुम्हाला आहेच. पण खोटं छापाल, तर ते माझ्या वर्गात शिकलात असं सांगू नका."

गोड बोलणारी बाई. एवढं कडक बोलेल असं वाटलं नव्हतं.

आणखी म्हणाल्या, आठवणीवर विसंबू नका. आठवण आपल्याला सोयीची तेवढी राहते. कागद असेल तर कागद काढा. कागदही सांगत नसेल, तर 'मला माहीत नाही' असं लिहा. ते वाक्य लिहायला लाजू नका.

वही माळ्यावर असेल. अण्णांनी काही टाकलं नाही कधी.

मंगळ. २३ जुलै

तशीही खोली रिकामी करायचीय म्हणून शिडी लावली. पितळेच्या डब्यांमागे, आईच्या शिवणयंत्राच्या खोक्यात, तीन लाल वह्या. मधली १९८५ ची. शिडीवरच बसून उघडली.

मे महिन्याचं पान. तारीख सापडली. तिथे एक ओळ आहे. जाड काळ्या शाईने आडवी-उभी खोडलेली, एक अक्षर दिसू नये अशी. शाई फाउंटन पेनची. घरात फाउंटन पेन एकट्या अण्णांचं. खाली त्यांच्या सुंदर वळणदार अक्षरात: 'राँग नंबर.'

पान खिडकीशी उलटं धरलं. बॉलपेन दाबून लिहायची माझी सवय, मागच्या बाजूने अक्षरं उठलीत. आरशासमोर नेलं. माझंच अक्षर. 'सदाभाऊ. गावाहून. आई सीरियस. आजच्या एस.टी.ने.'

म्हणजे मी लिहिलं होतं. एकोणचाळीस वर्षं मी धरून बसले की लिहिलंच नाही. आणि अण्णांनी वाचलं होतं. वाचून खोडलं होतं. सदाभाऊंसमोर वही उघडली, तेव्हा त्यावर बोट ठेवून त्यांनी हेच दाखवलं असणार. राँग नंबर.

कधी खोडलं? त्याच दिवशी, की तार आल्यावर, की सदाभाऊ परत आले तेव्हा त्यांचा आवाज जिन्यात ऐकून? मला माहीत नाही.

बुध. २४ जुलै

अण्णांना जाऊन चौदा वर्षं झाली. या ओळीबद्दल एकदाही बोलले नाहीत. जेवताना नाही, आजारपणात नाही. शेवटच्या दिवसांत सदाभाऊच त्यांना उचलून बाथरूमला न्यायचे. रोज. अण्णा डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, दुखत असेल.

माझ्यासाठी केलं. पोरीच्या अंगावर काही येऊ नये म्हणून. आणि त्यांच्या आजवरच्या शब्दावर मी त्यांच्या हातून काळं फासलं.

संध्याकाळी नितीन अण्णांचा फोटो न्यायला आला. पानभर छापणार आहेत. "अण्णांसारखी माणसं आता होणे नाही, मावशी." मी फोटो पुसून दिला.  भित्री ती भित्रीच.

शुक्र. २६ जुलै

सातवा खर्डा. फक्त खोडतेय.

'माझ्याकडून निरोप द्यावयाचा राहून गेला.' वा! जावक विभाग. कागद कुणी गहाळ केला ते कळू नये म्हणून आम्ही असंच लिहायचो. खोडलं. 'मी निरोप दिला नाही.' पाचच मिनिटांत पुन्हा पहिलं लिहिलं. पुन्हा खोडलं.

'मी लहान होते.' लाल पेन्सिल. 'मी सतरा वर्षांची होते.' निळी.

'अण्णांनी पितृप्रेमापोटी...' लाल. 'वहीतली ओळ खोडलेली आहे. खाली अण्णांचं अक्षर आहे.' निळी.

भास्कर फोनवर बोलला ते जसंच्या तसं. हिरवी. एकदा आठवल्यावर ते पुन्हा कधी विसरले नाही, शब्द न् शब्द.

शेवटी अकरा ओळी उरल्या. पहिला लेख चार पानांचा होता.

रवि. २८ जुलै

वर्गात वाचला नाही. मॅडमना सांगितलं, ज्याला आधी दाखवायचाय त्याला अजून दाखवला नाही. त्यांनी मान हलवली, विचारलं नाही कोण.

हेमाला जिन्यात दिला. तिथेच पायरीवर बसून वाचला, ओठ हलवत. कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"तो भाऊ आहे अजून?"

"आहे. कालच्या फोनवर तरी होता."

"मग इथे काय करतेस तू? मेल्यावर वाचून दाखवणार काय?"

रागच आला मला तिचा. बोलायला काय जातंय हिचं! हिच्या बापाचं नाही त्यात अक्षर.

दादरपासून चालत आले. बरोबर बोलली ती.

सोम. २९ जुलै

तीनदा त्यांच्या दाराशी गेले. पहिल्यांदा ते झोपले होते. दुसऱ्यांदा पलीकडच्या सावंतांची सून पाणी भरत उभी. तिसऱ्यांदा रव्याचे लाडू घेऊन आत गेले, बसले, पावसाचं बोलले, टॉवरमध्ये कुणाला कितवा मजला मिळेल ते बोलले, आणि रिकामा डबा घेऊन परत आले. कागद ब्लाउजमध्ये घामाने भिजला.

वहिनी म्हणाल्या, भास्करने कालपासून खाणं सोडलंय.

काय जाईल माझं? सगळं जाईल. आई-अण्णा गेल्यापासून माझं म्हणायला हे दोघंच. ताप आला तर पेज वहिनींची. माझं ऑपरेशन झालं तेव्हा फॉर्मवर 'नातेवाईक' म्हणून सही सदाभाऊंची. नव्या टॉवरमध्ये शेजारी-शेजारीच घरं द्या म्हणून सदाभाऊंनी अर्ज केलाय, दोघांच्या नावाने. तो अर्ज मीच लिहून दिलाय, उपरोक्त विषयास अनुसरून.

मंगळ. ३० जुलै

वाचलं.

दुपारी चार. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच म्हटलं, "भाऊ, स्मरणिकेसाठी लिहिलंय. तुमच्याबद्दल आहे. तुम्ही आधी ऐकायला हवं."

ते खूश झाले. हेच विसरता येणार नाही. खरंच खूश झाले. "माझ्याबद्दल? वाच, वाच. माका चष्मो गावणा नाय."

अकरा ओळी. तिसऱ्या ओळीला वहिनींचा हात सुपात थांबला. सदाभाऊ हलले नाहीत. मी वर बघितलं नाही, बघितलं असतं तर पुढचं वाचता आलं नसतं. संपलं.

मग सदाभाऊ म्हणाले, "भास्कर बोललो ता परत वाच."

वाचलं. 'आवस लय आजारी आसा. त्येचाच नाव काढता.'

"परत."

वाचलं.

तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत, पण मी वाचलं.

"अण्णांका म्हायत होता?"

"मला माहीत नाही, भाऊ. वहीवर त्यांचं अक्षर आहे." वही बरोबर नेली होती. त्यांच्या मांडीवर ठेवली, पान उघडून दिलं. चष्म्याशिवाय काय दिसणार? त्यांनी त्या काळ्या डागावर अंगठा ठेवला आणि ठेवूनच दिला.

मी पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

"जा तू आता."

एवढंच. 'गो' नाही. आजवर माझ्याशी एक वाक्य 'गो'शिवाय बोलले नव्हते. वहिनी दारापर्यंत आल्या नाहीत. शिव्या घातल्या असत्या, गॅलरीत उभं करून चार लोकांत बोलले असते, तर बरं झालं असतं.

भिंतीपलीकडे काही आवाज नाही. खोकलाही नाही. मी कान लावून बसलेय, चोरासारखी.

बुध. ३१ जुलै

सकाळी उठून बघते तर त्यांच्या दाराला कुलूप.

 ते कुठेही गेले की किल्ली आमच्याकडे. लग्नाला, दवाखान्यात, मुलीकडे डोंबिवलीला, कुठेही. वहीच्या शेजारचा खिळा त्यांच्या किल्लीचा. मी मूर्खासारखी आधी खिळ्याकडे बघितलं, जसं काही कुणी कडी उघडून आत येऊन अडकवून गेलं असेल.

सावंतांची सून म्हणाली, "काका-काकू पहाटे गावी गेले ना! तुम्हाला माहीत नाही? किल्ली आमच्याकडे ठेवलीय." माझ्याकडे जरा बघत राहिली. मग म्हणाली, "काकांच्या हातात एक लाल वही होती. काकू म्हणत होत्या पिशवीत टाका, ऐकले नाहीत."

गेले. गावी गेले.

दुपारी नितीन. छापखान्यात आज पानं द्यायची. मी म्हटलं, पहिला लेख मी फाडला.

"काय? मावशी, मस्करी करू नका हं."

"दुसरा लिहिलाय. पण ज्याचा आहे त्याने हो म्हटल्याशिवाय देणार नाही."

"कधी म्हणणार ते?"

"मला माहीत नाही."

"अहो, पान रिकामं जाईल! अण्णांच्या फोटोसमोरचं पान!"

"जाऊ दे रिकामं."

डोकं धरून गेला बिचारा. 'उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो' म्हणाला.

गुरु. १ ऑगस्ट

काल संध्याकाळी पोचले असतील. गाडी वेळेवर असेल तर सहाला. मग रिक्षा, मग घाटीच्या पायऱ्या उतरून घर. मी ते घर कधी पाहिलेलं नाही. किती पायऱ्या, मला माहीत नाही. भास्कर ओटीवर असेल की आत, मला माहीत नाही. त्याचे डोळे उघडे होते का, त्याला वही दाखवली का, दाखवली तर त्याला कळलं का. त्याला तरी काय, तो पहिल्यापासून खरंच बोलत होता.

वहिनींना फोन करायला दहा वेळा हात गेला. केला नाही. कुठल्या तोंडाने करू?

दुपारी तीन दहा. फोन. वहिनींचा नंबर.

"हॅलो, वहिनी?"

वहिनी नव्हत्या. श्वास ऐकू आला. मग सदाभाऊ. "बेबी."

मी "हो भाऊ" म्हटलं. पुढे काही नाही. मागे बऱ्याच माणसांचा आवाज. कुणी बाई काहीतरी मोठ्याने बोलत होती. रडत होती की हाक मारत होती, कळेना. भांड्यांचा आवाज. एवढी माणसं कशाला जमलीत घरात? आजाऱ्याला बघायलाही जमतात. तसंही जमतात आणि दुसऱ्यासाठीही.

"भाऊ, भास्कर कसा..."

"थांब," म्हणाले. कुणीतरी त्यांना आतून बोलावलं. "परत फोन करतंय." कट.

रागाने म्हणाले का? नाही. मऊ होता का आवाज? तसंही नाही. लाल पेन्सिलने काही लिहिणार नाही. बोलले ते एवढंच: बेबी. थांब. परत फोन करतंय.

साडेचार झाले. चहा टाकलेला नाही. पाणी आलंय, भरलेलं नाही. फोन मांडीवर घेऊन बसलेय, त्या दिवशी बसले होते त्याच जागेवर, फक्त फोनचं टेबल आता नाही. नितीनचा फोन येतोय, तिसऱ्यांदा. कापला. लाइन मोकळी ठेवायचीय.